कायाकवर जिवंत आमिषाची टाकी: पायांपुढे की सीटमागे?

गोदाकाठ: जो तो सांगतो, टाकी सीटमागच्या खोलगट जागेत बांधा. दोन हंगाम तसंच केलं, आता ती पायांपुढे आणलीय आणि तिथेच राहणार. माझी कायाक (वल्ह्याची अरुंद होडी) दहा फुटी, वर बसायची. २५ लिटर पाणी म्हणजे २५ किलो. शिवाय बॅटरी, नांगर, डबा सगळं मागेच. गंगापूर धरणावर दुपारी वारा सुटला की कायाकचं उचललं गेलेलं नाक, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याबरोबर वाहवत जायचं. एकाच बाजूने वल्हवून खांदा भरून यायचा. त्यात दर आमिषाला कंबरेतून मागे वळा! मरळ नेमकी उसळायची तेव्हा मी पाठमोरा. आता झाकण उघडायचं, बोटभर मासा घ्यायचा, पाठीच्या पराखाली गळ ओवायचा, सोडायचा. नजर पाण्यावरून हलत नाही.

दारणेवाला: पूर्ण विरोध. नाक जड झालं की कायाक वाऱ्याकडे तोंड करून बसते, म्हणजे दुखणं तेच, बाजू बदलली. लाटेत नाक घुसतं ते वेगळंच. आणि उलटलात तर? पायांत टाकी, तिच्या नळ्या, बांधलेले पट्टे. पाय मोकळा व्हायला उशीर झाला तर काय कराल? तुमची चूक जागेची नव्हती, सगळा भार शेपटीला नेण्याची होती. टाकी सीटच्या पाठीला चिकटवा, बॅटरी पुढच्या कप्प्यात टाका. नाक आपोआप बसेल.

मुकणे_मरळ: दोघंही २५ लिटर धरूनच भांडताय. एका सकाळीला दहा-बारा मासे लागतात, त्यांना १० लिटर आणि चांगला एरेटर (पाण्यात हवा सोडणारा पंप) पुरतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये टाकी मोठी करण्यापेक्षा मासे कमी ठेवा आणि टाकी सावलीत घ्या. अर्धवट भरू मात्र नका. पाणी एका बाजूला धावतं आणि कायाक त्याच बाजूला कलते. टाकी गोल घ्या, चौकोनीत मासे कोपऱ्यात धडकून तोंड फोडून घेतात. अजून एक, गंगापूरचं पाणी नाशिक पितं. मेलेलं आमिष धरणात टाकू नका, उरलेली चिलापी तर मुळीच सोडू नका.

गोदाकाठ: १० लिटरचं पटलं, बॅटरीही पुढे नेतो. पण पाठीमागे हात घालून मासा चाचपणं मला जमणार नाही, टाकी पुढेच. पाय अडकण्याचं म्हणाल तर रविवारी काठाजवळ मुद्दाम उलटून बघतो.

दारणेवाला: मग भरलेल्या टाकीनिशीच उलटा. रिकामी टाकी तरंगते, तिने काही कळायचं नाही. खरं वजन कायाक सुलटी करताना हाताला लागतं. लाइफ जॅकेट अंगात हवं, आणि एकटे जाऊ नका. मी येतो, सात वाजता.