डक म्हणजे बदक, मग शून्यावर आउट झालेल्याचा काय संबंध?

राजवाड्याचा_रम्या: काल कॉलनीच्या मॅचमध्ये पहिल्याच बॉलवर गेलो आणि काकांनी माईकवरून सगळ्यांसमोर "गोल्डन डक!" माझं म्हणणं असं की हे मान खाली घालण्यावरून आलंय, बाउन्सर आला की आपण डक करतो ना, तसाच आउट झालेला मान खाली घालून परत येतो. बदक मध्ये कुठून आलं? आणि घरचा भोपळा असताना डक पाहिजेच कशाला, भोपळा फोडता तरी येतो, बदक कसं फोडणार

पोहे_जीरावन: काहीही काय भिया. 0 अंड्यासारखा दिसतो म्हणून इंग्रज 19व्या शतकात "बदकाचं अंडं" म्हणायला लागले, पुढे अंडं गळलं, बदक उरलं. आपल्याला गणितात अंडं मिळायचं तेच हे. ब्रॅडमन 1948 ला ओव्हलवर शेवटच्या डावात होलीसच्या दुसऱ्याच बॉलला बोल्ड, सरासरी 100 व्हायला 4 रन हवे होते, ती 99.94 वरच राहिली. त्याने मान खाली घातली का वर केली, डक तो डकच

सिरपूरची_दुर्बीण: क्रिकेटचं पोहेवाल्याचं बरोबर, पण रम्या अगदीच हवेत नाहीये. पक्ष्याचं नावच मुळी बुडी मारण्यावरून पडलंय! जुन्या इंग्रजीत बदकाला एनेड म्हणायचे, जर्मन अजून एन्टे म्हणतात, आणि ऋग्वेदात पुरूरवा-उर्वशीच्या सूक्तात जो आति पक्षी येतो ना तोही त्याच कुळातला. इंग्रजांनीच हा जुना शब्द सोडून "बुडी मारणारा" हे टोपणनाव धरलं. थंडीत सिरपूर तलावावर येऊन बघ, तलवार बदकं मान पाण्यात आणि शेपूट आकाशात करून बसलेली असतात

मिलवाल्यांची_नात: मग ते जाड सुती डक कापड? पाणी आत जात नाही, बदकाच्या पंखासारखं, म्हणून ना?

सिरपूरची_दुर्बीण: नाही गं, ते डच "डूक" वरून, म्हणजे नुसतं कापड. बदकाशी नातं शून्य

राजवाड्याचा_रम्या: म्हणजे मी बरोबर 😎 आणि फोडण्याचं कोणीच बोलत नाहीये

पोहे_जीरावन: अर्धवट बरोबर. आणि पहिला रन काढला की इंग्रजीतही "ब्रेक्स हिज डक" म्हणतात, म्हणजे त्यांचंही फुटतं, अंडंच आहे ते

माईकवाले_काका: रविवारी माईक माझ्याकडेच आहे रे रम्या. तू एक रन काढ आधी, काय फुटलं ते मग बघू.