यजमानांसोबत संयुक्त मालकी असलेली जमीन विकण्यासाठी न्यायालयाची परवानगी : सल्ला हवा आहे

प्रश्न

नमस्कार. माझ्या आणि माझ्या यजमानांच्या नावावर एक बिगरशेती भूखंड आहे. खरेदीखतात दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा नोंदलेला आहे. यजमानांचा स्मृतिभ्रंश आता अशा टप्प्याला पोहोचला आहे की, त्यांना घरची माणसे ओळखू येत नाहीत आणि आपण कोणत्या कागदावर सही करत आहोत हे समजावून सांगूनही कळत नाही. दिवसरात्रीच्या मदतनिसांचा आणि उपचारांचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून भागत नसल्यामुळे हा भूखंड विकावा, असे मुलीचे, मुलाचे आणि माझे एकमत झाले आहे.

नातेवाइकांकडून दोन सूचना आल्या. यजमान बरे असताना त्यांनी मला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिले होते, ते वापरून व्यवहार करावा, ही एक. आणि त्यांना नोंदणी कार्यालयात नेऊन अंगठा घ्यावा, ही दुसरी. दोन्हींबद्दल माझ्या मनाला शंका वाटते. पत्नी या नात्याने मला त्यांच्या वतीने सही करता येते का? येत नसल्यास परवानगी कोणाकडे आणि कशी मागावी?

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका योग्य आहे. दोन्ही सूचना कृपया बाजूला ठेवा.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारी व्यक्ती विकल मनाची झाली की तिने दिलेला मुखत्यारीचा अधिकार संपतो. कागद नोंदणीकृत आहे, एवढ्याने त्यात फरक पडत नाही. काही देशांत पुढे येणाऱ्या असमर्थतेसाठीच असे अधिकारपत्र करून ठेवता येते. आपल्याकडे कायद्यात तशी सोय नाही. अंगठ्याचेही तसेच आहे. याच करार अधिनियमाच्या कलम ११ आणि १२ नुसार व्यवहार समजून घेण्याची क्षमता नसलेल्या व्यक्तीला करारच करता येत नाही, आणि नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३५ प्रमाणे समोरची व्यक्ती मनाने असमर्थ असल्याचे दिसल्यास दुय्यम निबंधकाने तिच्यापुरती नोंदणी नाकारायची असते. त्यांच्या नजरेतून ही बाब निसटली, तरी तो दस्त यजमानांच्या हिश्श्यापुरता मुळातच निरर्थक राहील.

विवाहामुळे जोडीदाराच्या मालमत्तेवर सही करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम अज्ञान (अल्पवयीन) मुलांसाठी आहे, प्रौढांसाठी नाही. पूर्वी मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ मध्ये जिल्हा न्यायालयाने चौकशी करून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची स्वतंत्र तरतूद होती. २९ मे २०१८ पासून त्याच्या जागी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ लागू झाला आणि ही तरतूद त्यात आली नाही. नव्या कायद्यातील ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ केवळ उपचारांसंबंधी निर्णय घेऊ शकतो, जमिनीसंबंधी नाही. माझ्या मते कायद्यातील ही पोकळी फार क्लेशदायक आहे, कारण तिचा भार नेमका सेवा करणाऱ्या माणसावर पडतो.

आज प्रामुख्याने दोन वाटा आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालयाकडे किंवा राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाकडे मर्यादित पालकत्व, म्हणजे ठरावीक निर्णयांपुरता पालक, मागता येते; मात्र त्याचा पाया त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार मिळून निर्णय घेणे हा आहे, त्यामुळे काहीच समजत नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते अपुरे ठरू शकते. दुसरी वाट उच्च न्यायालयाची. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये बेशुद्धावस्थेसारख्या स्थितीतील पतीसाठी पत्नीला पालक नेमले. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातील व्यक्तींच्या पालकनेमणुकीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि त्यांत वैद्यकीय मंडळाची तपासणी, महसूल अधिकाऱ्याचा अहवाल व पालकाने वेळोवेळी द्यायचा हिशेब यांचा समावेश आहे. तुमच्या प्रकरणात कोणता मार्ग धरावा, हे वैद्यकीय अहवाल दाखवून अशी प्रकरणे चालवलेल्या वकिलांकडून ठरवून घ्या.

एक गोष्ट विसरू नका. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ३ नुसार केवळ आजाराच्या निदानावरून कोणालाही विकल मनाचे मानता येत नाही. तसे सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते. म्हणून ‘स्मृतिभ्रंश आहे’ एवढेच प्रमाणपत्र पुरेसे नाही. आर्थिक व्यवहार समजून घेण्याची क्षमता उरलेली नाही आणि ती परत येण्याची शक्यता किती आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

प्रतिसाद २

माझ्या आईसाठी मी अशा प्रक्रियेतून गेलो आहे, म्हणून याचिकेच्या तयारीबद्दल लिहितो. बहुतेक जण विक्री का आवश्यक आहे हे तपशीलवार लिहितात, पण न्यायालयाला पाहायचे असते ते रुग्णाचे हित. कुटुंबाला पैशांची गरज आहे, हे त्याचे उत्तर नव्हे. त्यांच्या निम्म्या हिश्श्याचे पैसे कोठे राहतील, त्यातून दरमहा कोणता खर्च होईल, मुद्दल किती काळ पुरेल आणि हिशेब कोण देईल, हे याचिकेतच मांडा. त्यांच्याच नावे मुदत ठेव ठेवून व्याज देखभालीसाठी वापरण्याचा प्रस्ताव तुम्ही स्वतःहून दिलात, तर न्यायालयाला तुमच्या हेतूबद्दल विचारावे लागणारे अर्धे प्रश्न उरत नाहीत.

याचे कारणही समजून घ्या. तुम्ही सहमालक आहात, विक्रेत्या आहात आणि पालकही होऊ पाहत आहात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम १३ सांगते की, एखाद्या व्यवहारात हितसंबंधांचा संघर्ष उद्भवला तर साहाय्य करणाऱ्याने त्या व्यवहारापुरते दूर राहावे. केवळ नाते आहे म्हणून संघर्ष गृहीत धरायचा नाही, असेही तेच कलम सांगते. म्हणून मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या, दोन्ही हिश्श्यांना एकच दर असल्याचे दाखवा, आणि मुलगी व मुलगा यांची संमतीची शपथपत्रे जोडा. यजमानांच्या बहीण-भावांपैकी कोणाचा विरोध असेल, तर तो दडवू नका. तो नंतर उघड झाल्यास जास्त नुकसान होते.

पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी या दोन्ही मागण्या स्वतंत्रपणे, मालमत्तेचे पूर्ण वर्णन देऊन लिहा. नुसत्या नेमणुकीच्या आदेशावर खरेदीदाराची बँक समाधानी होत नाही.

प्रतिसाद ३

आणखी एका पर्यायाची नोंद असावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ नुसार सहमालकाला स्वतःचा अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा एकट्याने विकता येतो. पण अशा हिश्श्याला योग्य भाव मिळत नाही, आणि उद्या नवा मालक तुमच्या आजारी यजमानांविरुद्ध वाटपाचा दावा लावू शकतो. मी हा पर्याय सुचवणार नाही.

वाटपाचा दावा तुम्ही स्वतः लावू शकता. भूखंडाची वाटणी करणे व्यवहार्य नसेल, तर वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम २ नुसार निम्म्या किंवा त्याहून अधिक हिश्श्याच्या मालकाच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. तुमचा हिस्सा त्यात नेमका बसतो. मात्र तुम्ही वादी असल्यामुळे त्या दाव्यात यजमानांच्या पालक तुम्ही होऊ शकणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ प्रमाणे दुसरी व्यक्ती नेमावी लागेल. दावा लांबण्याची शक्यता आणि पत्नीने पतीला प्रतिवादी करण्याचे दुःख पाहता, पालकत्वाची वाट पूर्ण बंद झाल्यावरच हा विचार करावा.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांच्या हिश्श्याचे पैसे त्यांच्याच नावे ठेवण्याची कल्पना मला पूर्ण मान्य आहे. एक खरेदीदार इसार देण्याची घाई करत आहे. परवानगी येईपर्यंत त्याच्याशी साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा लेखी करार, करून ठेवले तर चालेल का? आणि पुढे खरेदीखतात माझे नाव कसे येईल?

प्रतिसाद १

इसार घेऊ नका आणि साठेखतही करू नका. आज तुम्हाला यजमानांच्या हिश्श्याचे वचन देण्याचा अधिकार नाही, आणि परवानगी मिळाली नाही किंवा न्यायालयाने जास्त किमतीची अट घातली, तर तो खरेदीदार तुमच्याविरुद्धच उभा राहील. त्याला खरोखर जमीन हवी असेल, तर त्याच्याकडून किमतीचे लेखी प्रस्तावपत्र घ्या आणि ते याचिकेला जोडा. त्याचा न्यायालयात उपयोगच होईल.

खरेदीखतात तुमचे नाव दोनदा येईल: एकदा स्वतःच्या हिश्श्यापुरते, आणि एकदा यजमानांच्या वतीने न्यायालयाने नेमलेल्या पालक म्हणून. आदेशाचा क्रमांक आणि तारीख दस्तात लिहा व प्रमाणित प्रत सोबत जोडा. किमतीचे दोन स्वतंत्र धनादेश घ्या, त्यांपैकी एक यजमानांच्या खात्याचा. भांडवली नफाही दोघांच्या विवरणपत्रांत आपापल्या हिश्श्याप्रमाणे दाखवावा लागेल आणि यजमानांचे विवरणपत्र पालक म्हणून तुम्हीच भराल, त्यामुळे कर सल्लागाराला विक्रीनंतर नव्हे, तर याचिका दाखल करण्यापूर्वीच भेटा.