नाशिक जिल्ह्याचा कांदा: नकाशावर देवळ्याचं लेबल गायब, चार्टवर बेरीज येत नाही

निफाडचा_शिवार:
पंधरा तालुक्यांचं कांदा उत्पादन टनांत आहे; खरीप, रांगडा (उशिराचा खरीप), उन्हाळ असे तीन रकाने. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या नकाशावर देवळ्याचं लेबल उमटतच नाही आणि त्र्यंबकेश्वरचं झूम बदलला की जातं. एक्सेलच्या स्टॅक्ड कॉलममध्ये (तुकडे एकावर एक रचलेल्या खांबांच्या चार्टमध्ये) तिन्ही हंगामांची बेरीज खांबाच्या डोक्यावर हवी, पण लेबल पोझिशनमध्ये ‘आउटसाइड एंड’ दिसत नाही. शिवाय माझ्याकडे 1,25,000 दिसणारा आकडा दुसऱ्या मशीनवर 125,000 होतो. रांगडा नाही तिथे नुसते शून्य लटकतात ते वेगळंच.

नकाशेवाला_सातपूर:
नकाशाचं सांगतो. लेबलं एकमेकांवर चढू लागली की क्यूजीआयएस त्यातलं एखादं गुपचूप गाळतं. लेबल टूलबारवर न बसलेली लेबलं दाखवायचं बटण आहे, ते दाबा. गळालेली लाल दिसतील. मग रेंडरिंगमध्ये ‘तालुक्याच्या हद्दीत पूर्ण मावेल तेच लेबल काढा’ अशा अर्थाची खूण असेल तर काढा. देवळ्यासारख्या लहान तालुक्याला तीच नडते.

त्र्यंबकेश्वरला दोन ओळी करा. एक्स्प्रेशनमध्ये "तालुका" || '*' || "एकूण" लिहा आणि फॉरमॅटिंगमध्ये ‘रॅप ऑन कॅरेक्टर’च्या चौकटीत * टाका. अक्षर ८ पॉइंट, पांढरा बफर (अक्षरांभोवतीची कड) ०.८ मिमी. लेटर स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेघ तुटते.

देवळा तरीही मावला नाही तर कॉलआउट (लेबलापासून तालुक्यापर्यंतची रेघ) चालू करून ‘मूव्ह लेबल’ने नाव हद्दीबाहेर ओढा. पहिल्यांदा ओढताना एक रकाना विचारतो. तिथे तालुक्याचा कोड द्या, नाव नको. नाव दिलं तर पुढे त्याचं स्पेलिंग सुधारलं की लेबल पुन्हा जुन्या जागी जातं. या जागा प्रोजेक्टच्या .क्यूजीझेड फाइलच्या आतच साठतात. .क्यूजीएस ठेवली तर शेजारी .क्यूजीडी फाइल तयार होते. पेन ड्राइव्हवर ती राहून गेली की सगळी मेहनत पाण्यात.

आकडेमोड_सिन्नर:
स्टॅक्डमध्ये ‘आउटसाइड एंड’ नसतोच, कारण एका तुकड्याच्या बाहेर म्हणजे पुढच्या तुकड्याची जागा. बेरजेचा चौथा रकाना चार्टमध्ये घ्या, त्या सिरीजचा (चार्टमधल्या त्या रकान्याचा) प्रकार ‘लाइन’ करा, डेटा लेबल ‘अबव्ह’, रेषा ‘नो लाइन’, आणि लेजंडमधली (रंगांच्या सूचीतली) तिची नोंद पुसा.

आकड्यांचा घोळ विंडोजच्या रीजन सेटिंगचा. साधा #,##0 त्या मशीनची मांडणी उचलतो. लेबलाच्या नंबर विभागात ‘लिंक्ड टू सोर्स’ची खूण काढून हा कोड द्या, शून्यंही जातील:

[>=100000]##\,##\,##0;[=0]"";##,##0

कोडातले अंक इंग्रजीतच हवेत. एक कोटीपासून पुढे मात्र हा चुकतो (123,45,678 असं येईल), पण तालुक्याच्या टनांना पुरे. आणि लेबलवर क्लिक करून हाताने आकडा टाइप करू नका. तो तसाच गोठतो, तक्ता बदलला तरी हलत नाही. झालंच असेल तर ‘रीसेट लेबल टेक्स्ट’.

गोदाकाठ:
सिन्नरकरांचा उपाय उभ्या खांबांना बरोबर, पण पंधरा तालुक्यांची नावं खाली तिरकी होतात, म्हणून आडवे पट्टे जास्त वाचनीय. तिथे लाइनची युक्ती चालत नाही, आडव्या पट्ट्यांवर लाइन बसतच नाही. बेरीज चौथा पट्टा म्हणूनच ठेवा, ‘नो फिल’ करा, लेबल ‘इनसाइड बेस’. अक्ष आपोआप दुप्पट लांबतो, म्हणून मॅक्सिमम हाताने सर्वात मोठ्या बेरजेच्या थोडं वर बांधा.

तुकड्यांवरची लेबलं काढूनच टाका. पंधरा तालुके, तीन तुकडे, वर बेरीज: साठ आकडे कोण वाचणार?

निफाडचा_शिवार:
देवळा आला, बेरीजही आली. फक्त एक्सेलमधून तक्ता सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून नकाशाला जोडला की तालुक्यांच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हं येतात.

नकाशेवाला_सातपूर:
भाऊ, सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. साधी सीएसव्ही देवनागरी टिकवत नाही. आधीच प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलमधून नावं परत मिळत नाहीत, मूळ एक्सेलमधूनच पुन्हा काढा.