चाकणजवळ लोखंडी शेड : ठेकेदाराकडून परवानगी व विम्याची कोणती कागदपत्रे मागावीत?

भोसरीची_उद्योजिका

नमस्कार. भोसरीत भाड्याच्या गाळ्यात आमचे मशिनिंगचे छोटे युनिट आहे. चाकण एमआयडीसीच्या हद्दीबाहेर आम्ही खासगी जागा घेतली असून तिथे साधारण 1,000 चौरस मीटरची प्री-इंजिनीअर्ड शेड (कारखान्यात तयार केलेले लोखंडी भाग जागेवर जोडून उभी होणारी) उभारायची आहे. तीन ठेकेदारांची कोटेशने आली आहेत. एकाने ‘सर्व परवानग्या व विमा समाविष्ट’ एवढेच लिहिले आहे. दुसऱ्याने विम्याचा उल्लेखच केलेला नाही. तिसऱ्याचे म्हणणे असे की, नटबोल्टची रचना कधीही उतरवता येते, त्यामुळे तिला परवानगीच लागत नाही. त्याचा दरही सर्वांत कमी आहे. परवानगी कोणाच्या नावाने घ्यायची असते आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कोणते कागद पाहावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आराखडा_पुणे

ताई, तिसऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार जमिनीवर बांधकाम करणे म्हणजे ‘विकास’, आणि सांधे वेल्डिंगचे आहेत की बोल्टचे, याने त्यात फरक पडत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली परिसरातील हजारो अनधिकृत बांधकामे पाडली, त्यांत पत्राशेडच मोठ्या संख्येने होत्या. कारवाईत नुकसान सोसावे लागले ते शेडमधल्या उद्योजकांना. ती उभारणारे ठेकेदार केव्हाच पैसे घेऊन मोकळे झाले होते.

एमआयडीसीच्या भूखंडावर एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण, म्हणजे बांधकामाला परवानगी देणारी संस्था असते. आपली जागा हद्दीबाहेर असल्याने पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) अर्ज करावा लागेल. अर्ज जमीनमालकाच्या नावाने, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्यामार्फत जातो. ठेकेदार फार तर धावपळ करील, पण नोटीस येईल ती आपल्याच नावाने. म्हणून सातबारा, मोजणी नकाशा आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या क्षेत्रात येते ते सांगणारा) आधी तपासून घ्या. शेतीच्या झोनमध्ये कारखान्याचा नकाशा मंजूर होईल असे गृहीत धरू नका. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, हाती येईपर्यंत पायाचे खोदकाम सुरू करू देऊ नका. पुढे जोते (पायाच्या पातळीपर्यंतचे काम) तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) हे टप्पे करारात लिहून घ्या व देयकांचे हप्ते त्यांना जोडा.

स्टीलचे वजन कमी दाखवून दर उतरवणे ही या धंद्यातील जुनी पद्धत आहे. पुण्यासाठी आयएस 875 (भाग 3) या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिला आहे. डिझाइनच्या गणितात तोच धरला आहे का आणि त्यावर स्ट्रक्चरल अभियंत्याची सही आहे का, हे पाहिल्याशिवाय तिन्ही दरांची तुलना करण्यात अर्थ नाही. छतावर सौर पॅनेल किंवा आत ओव्हरहेड क्रेन बसवायची असेल, तर तो भारही आताच कळवा.

विमा_सल्लागार_कोथरूड

‘विमा समाविष्ट’ या दोन शब्दांवर विसंबू नका. पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. लोखंडी सांगाड्याच्या उभारणीसाठी इरेक्शन ऑल रिस्क पॉलिसी घेतात, तर मुख्यतः काँक्रीटच्या कामासाठी कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क. विमाधारकांमध्ये ठेकेदाराबरोबर आपले नावही असावे. विम्याची रक्कम साहित्य, वाहतूक आणि उभारणीसह कामाच्या पूर्ण मूल्याइतकी असावी, कारण ती कमी दाखवली असेल तर दाव्याची रक्कमही त्याच प्रमाणात कापली जाते. सदोष डिझाइनमुळे झालेली हानी मूळ पॉलिसीत सहसा येत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण विकत घ्यावे लागते. शेजारच्या मालमत्तेचे किंवा त्रयस्थ व्यक्तीचे नुकसानही त्या कलमासाठी हप्ता भरला असेल तरच भरून मिळते.

मजुरांचा विमा याहून पूर्णपणे निराळा आहे आणि माझ्या मते सर्वांत आधी तोच तपासावा. वर चढून काम करणारी टोळी बहुधा उपठेकेदाराची असते, तिची नावे मुख्य ठेकेदाराच्या हजेरीपटावर नसतात. कर्मचारी भरपाईच्या पॉलिसीत उपठेकेदाराचे मजूर स्पष्टपणे अंतर्भूत आहेत का, हे वाचून पाहा. मृत्यूच्या भरपाईसाठी 2020 पासून मासिक वेतन जास्तीत जास्त ₹15,000 धरतात. त्याच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणल्यास 30 वर्षांच्या मजुरासाठी ₹15,59,850 होतात. ठेकेदाराने ती रक्कम दिली नाही, तर काम देणाऱ्या मालकावरही जबाबदारी येऊ शकते. एखाद्या कुटुंबाचा कमावता माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना हक्काच्या पैशासाठी दारोदार फिरावे लागू नये, म्हणून तरी हा कागद पाहाच.

भोसरीची_उद्योजिका

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या ठेकेदाराला विचारले असता, त्याची ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) नोंदणी असल्याने वेगळ्या पॉलिसीची गरज नाही, असे उत्तर मिळाले. हे ग्राह्य धरावे का?

विमा_सल्लागार_कोथरूड

अंशतः. ईएसआयसीत विमित असलेल्या कामगाराला त्याच अपघातासाठी भरपाई कायद्याखाली पुन्हा दावा करता येत नाही, एवढे खरे. परंतु दरमहा ₹21,000 पेक्षा अधिक वेतन असलेले वेल्डर व फिटर त्या योजनेत येत नाहीत, आणि आठवडाभरासाठी आणलेल्या टोळीची नोंदणी झालेली असेलच असे नाही. प्रत्यक्ष साइटवर येणाऱ्या प्रत्येकाचा विमा क्रमांक मागा. ज्यांचा मिळणार नाही त्यांच्यासाठी पॉलिसी हवीच. क्रेन भाड्याची असली, तरी तिचा विमा, चालकाचा परवाना आणि उचल-साधनांच्या तपासणीचे प्रमाणपत्र काम सुरू होण्याआधी पाहा.

आराखडा_पुणे

काही गोष्टी राहिल्या होत्या. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार कल्याण उपकर असतो आणि तो बहुधा नकाशा मंजुरीच्या वेळीच भरून घेतात, त्यामुळे ठेकेदाराने तीच रक्कम कोटेशनमध्ये पुन्हा लावलेली नाही ना, हे तपासा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना-संमती बांधकामापूर्वी घ्यायची असते. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात 20 किंवा अधिक कामगार असतील, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जावे लागेल. जागेजवळून महावितरणची 11 केव्हीची उघडी तार जात असेल, तर शेडपासून आडवे अंतर किमान 1.2 मीटर आणि उभे 3.7 मीटर ठेवावे लागते. उभारणीच्या वेळी लांब पत्रे आणि क्रेनचा बूम याहून जवळ जाऊ शकतात, म्हणून त्या दिवसांत वीजपुरवठा बंद ठेवण्यासाठी महावितरणकडे आधीच लेखी अर्ज द्या आणि त्याची पोहोच साइटवर ठेवा.