‘आईने घर सावरले’ म्हणजे कादंबरीत नेमके काय घडते?

गोदाकाठ:
नमस्कार. जॉन स्टाइनबेक यांची १९३९ची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. धुळीची वादळे, नापिकी आणि कर्ज यांमुळे जमिनीवरून उठवले गेलेले अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील ‘जोड’ आडनावाचे कुटुंब जुन्या ट्रकवर संसार लादून कॅलिफोर्नियाकडे निघते आणि वाटेत घराचा कारभार हळूहळू वडिलांकडून आईकडे येतो. माजलगाव भागात ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे लहानपणापासून पाहिल्यामुळे मला हे परके वाटले नाही. अशा आईला ‘त्यागमूर्ती’ म्हणून आपण मोकळे होतो. पण ती घर धरून ठेवते म्हणजे काय करते? मराठवाड्याच्या कथा-कादंबऱ्यांत अशी आई आपणांस कुठे भेटली?

काळी माती:
सर, मला उत्तर गाडी उचलायच्या जॅकच्या दांड्याच्या प्रसंगात सापडते. सोबतच्या कुटुंबाची गाडी बिघडते, तेव्हा मुलगा टॉम सुचवतो की आपण दुरुस्तीसाठी मागे राहू, बाकीच्यांनी पुढे जावे. वडिलांनाही ते पटते. आई मात्र लोखंडी दांडा हातात घेऊन उभी राहते आणि वडिलांना माघार घ्यावी लागते. यात सोशिकपणा कोठे आहे? जमीन आणि घर गेल्यावर एकमेकांखेरीज आपल्याजवळ काही उरलेले नाही, हे तिने ओळखलेले असते. पुढे वाळवंट ओलांडताना आजी मरण पावते, तेव्हा प्रवास थांबू नये म्हणून ती रात्रभर मृतदेहाशेजारी पडून राहते आणि पलीकडची हिरवी दरी दिसेपर्यंत कोणालाही काही सांगत नाही. तेथे मला पुस्तक मिटून ठेवावे लागले.

बालाघाट:
आपल्याकडचे म्हणाल तर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) आधी आठवते. शिंपीकाम करणाऱ्या गंगारामची बायको पार्वती मराठवाडी बोलीत ती कहाणी सांगते. जोड कुटुंबातील आईला निदान दांडा उगारता येतो. पार्वतीला मात्र घराची वाताहत डोळ्यांदेखत पाहावी लागते. आईला सगळे जमतेच, हा आपला सोयीचा समज ही कादंबरी टिकू देत नाही, म्हणून ती मला अधिक खरी वाटते.

ज्वारीचे कणीस:
काळी माती ताई, बालाघाट सर, दोघांशीही सहमत आहे, तरी एक गोष्ट राहते. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, फेडायची मात्र दोघांच्या अंगमेहनतीने. पहाटे भाकरी थापून फडात जाणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी आणि रात्री पुन्हा चूल पेटवणारी बाई कथेत आणायची, तर लेखकाला हा हिशेब ठाऊक असायला हवा. नाहीतर उरते ते नुसते कौतुक. शिवाय गावी राहिलेल्या नातवंडांना सांभाळणारी आजीही या घराची आईच असते, आणि तिची गोष्ट मला अजून वाचायची आहे.

गोदाकाठ:
आपण हिशेबाचा विषय काढलात, त्यामुळे ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मधला, स्थलांतरितांच्या छावणीतील रश्श्याचा प्रसंग पुन्हा वाचला. आई भांड्यात कालवण शिजवत असताना अनोळखी, उपाशी मुले भोवती जमतात. घरच्यांनाच पुरणार नाही हे दिसत असूनही ती घरच्यांना थोडे थोडे वाढते आणि भांड्यात उरलेले त्या मुलांपुढे ठेवते. पहिल्या वाचनात मी त्याला दया समजलो होतो. आता वाटते की कोणाच्या वाट्याचे किती कमी करायचे, हे त्या क्षणी एकट्या तिलाच ठरवावे लागले.