४५ पौंडांचं जुनं बेअर धनुष्य घ्यावं का? (ओढता येणार नाही, हे माहीत आहे)

लान्सिंगकर | शनिवार, १३ सप्टेंबर, पहाटे ३.२०

नमस्कार मंडळी. वेळ बघून दचकू नका. शुक्रवारी सकाळी डेक्सामेथासोनच्या गोळ्या घेतल्या की त्या रात्री डोळा लागत नाही. बायको झोपते आणि मी इंटरनेटवर लोकांच्या अडगळी धुंडाळत बसतो.

आजाराचं थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न त्यालाच अडकलाय. मल्टिपल मायलोमा. अस्थिमज्जेतला कॅन्सर, हाडं आतून पोखरतो. मार्चमध्ये डाव्या दंडाच्या हाडात भोक सापडलं, तिथे रेडिएशन झालं. कमरेचा एक मणका दबलाय. दहा पौंडांच्या वर काही उचलायचं नाही असा हुकूम आहे. बोर्टेझोमिब या औषधाच्या कृपेने पायाची बोटं बधिर. पुढे स्टेम सेल ट्रान्सप्लांट ठरतंय. वय ६६.

आता धनुष्य. मी मूळचा कराडचा, १९८४ साली शिकायला मिशिगनला आलो आणि पुढे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागलो. आमचा फोरमन तरुणपणी मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला, बेअर आर्चरीच्या धनुष्यांच्या कारखान्यात कामाला होता. हा फ्रेड बेअर म्हणजे आमच्यासारखाच, डेट्रॉइटच्या मोटार धंद्यातून आलेला माणूस. १९३३ मध्ये कंपनी काढली, १९४७ मध्ये कारखाना ग्रेलिंगला नेला. १९७८ मध्ये कंपनी फ्लोरिडाला गेली, हा फोरमन गेला नाही. फ्लोरिडाचं नाव काढलं की थुंकायचा. त्याने मला त्याचं जुनं कोडियाक हंटर जातीचं बेअर धनुष्य दिलं. ६० इंची, ४५ पौंडांचं (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो, धनुष्याचं स्वतःचं वजन नव्हे), मुठीच्या वर पितळेचं नाणं बसवलेलं. दिलं म्हणजे फुकट नाही, तीन शनिवार त्याच्या छपराची कौलं (इथली डांबरी, आपली नव्हेत) बदलायला लावली.

पाच वर्षं दर ऑक्टोबरात मी झाडावर बसलो आणि एकही बाण सोडला नाही. एकदा तर चिकडी नावाचा चिमणीहून लहान पक्षी दोरीला लावलेल्या बाणावर येऊन बसला, माझ्या हनुवटीपासून हातभर अंतरावर. त्याचं वजन बाणाला कळलं. अगदी खरं सांगतो, कळलं. सहाव्या वर्षी सतरा यार्डांवरून एक हरीण मिळालं. हिने आधी ते मटण स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. आमच्याकडे सगळं खातात, पण "ज्याला तुम्ही बघितलंय ते मी नाही शिजवणार" म्हणाली. मग गॅरेजमध्ये मीच शिजवलं, माहेरहून आलेली कांदा-लसूण चटणी घालून. वासावर आली खाली.

२००९ मध्ये जीएम (जनरल मोटर्स) दिवाळखोरीत गेली. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांत नोकऱ्या पटापट गेल्या, माझीही गेली. घर लहान केलं, दारात सेल मांडला, धनुष्य चाळीस डॉलरला गेलं. एका पोराने बापाकडे हट्ट करून नेलं. तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं, हे मुद्दाम नोंदवतो. डोक्यात गहाणखताचा हप्ता होता.

आता तसंच एक क्लेअर गावात विकायला आहे, इथून सव्वा तासावर. २७५ डॉलर. जाहिरातीत "१९५३ सालचं" असं लिहिलंय. फोटो चार, तेही अंधारातले. तीन शुक्रवार झाले, तेच चार फोटो मोठे करकरून बघतोय.

प्रश्न दोन. एक, जाऊन काय तपासायचं? माझं ज्ञान सोळा वर्षांचं गंजलेलं आहे. दुसरा प्रश्न बायकोचा आहे, मी जसाच्या तसा देतो. "अहो, घ्या की. पण ते मागं राहिलं तर मी त्याचं काय करू, तेवढं सांगून ठेवा." मला उत्तर सुचलं नाही.

---

मॅडिसन_मुक्काम | शनिवार, १३ सप्टेंबर, सकाळी ७.४५

काका, आधी तब्येतीला सांभाळा. आणि मिशिगनवाल्यांनी धनुष्याच्या गप्पा मारण्याआधी लक्षात ठेवावं की हरणांसाठी धनुष्याचा वेगळा हंगाम आमच्या विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये सुरू केला, तुम्ही १९३७ मध्ये.

आता कामाचं. १९५३ हे साल चूक आहे. त्या काळच्या बेअरवर पेटंटची ओळ छापलेली असते, तिच्यात "कॅनडा १९५३" असतं. ते पेटंटचं साल, धनुष्याचं नव्हे. दर महिन्याला कोणीतरी यात फसतं. कोडियाक हंटर मुळात आलं १९६७ मध्ये. नाणं धातूचं आणि लाकडाशी सपाट असेल तर १९७२ पर्यंतचं. १९७३ पासून फुगीर प्लास्टिकचं बिल्ल्यासारखं आलं. नाणं पितळी असेल तर सत्तरीच्या सुरुवातीचं धरा, म्हणजे बहुधा तुमच्या जुन्याचंच भावंड.

दोरी चढवून बघायला मागा. "चढवत नाही" म्हणाला तर गाडीत बसा. चढवल्यावर एका टोकाकडून डोळा लावून बघा, दोरी दोन्ही पात्यांच्या (मुठीच्या वरखालच्या वाकणाऱ्या भागांच्या) बरोबर मधून गेली पाहिजे. एका बाजूला सरकली म्हणजे पातं पिळलंय. बहुतेक वेळा कोणीतरी पायात अडकवून दोरी चढवल्याचा तो प्रताप असतो, किंवा वर्षानुवर्षं कोपऱ्यात टेकवून ठेवल्याचा. फायबरग्लासवरून कापसाचा बोळा फिरवा, धागे अडकले की तिथे थर सुटतोय. उभ्या बारीक रेषा जुन्या फायबरग्लासमध्ये असतातच, त्यांना घाबरू नका. आडवी चीर दिसली तर हात जोडून परत या. नेम धरायची साइट बसवायला कोणी भोकं पाडली असतील तर किंमत पाडून मागा.

दोरी डॅक्रॉन या थोड्या ताणणाऱ्या धाग्याचीच घाला. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्या या जुन्या टोकांना सोसत नाहीत.

---

निगडीची_फिजिओ | शनिवार, १३ सप्टेंबर, सकाळी ८.३०

काका, मी कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते. शीर्षकात "माहीत आहे" लिहिलंय, पण तीन शुक्रवार फोटो बघणारा माणूस हातात आल्यावर "थोडंसंच" ओढून बघणार. नका. डावा हात धनुष्य धरणारा ना? ओढताना सगळा दाब त्याच दंडाच्या हाडातून खांद्यात जातो, आणि पाठ ताठ धरावी लागते तो भार मणक्यांवर. रेडिएशननंतर दुखणं थांबतं, त्यामुळे हाड भरलं असं वाटतं. हाड भरायला महिने लागतात. पायाची बोटं बधिर आहेत तर हाताच्या बोटांचंही डॉक्टरांना विचारा, कारण दोरी निसटली तर तुम्हाला कळायच्या आत निसटेल.

ट्रान्सप्लांट झाल्यावर, नवे स्कॅन बघून, तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला तर रबरी पट्ट्यांपासून सुरुवात करता येईल. आज नाही.

---

मॅडिसन_मुक्काम | शनिवार, १३ सप्टेंबर, सकाळी ८.५०

आणि बाण न लावता दोरी सुटली तर पन्नास वर्षांचं पातं हातातच फुटू शकतं. ताईंच्या मुद्द्याला हीसुद्धा जोड द्या.

---

स्पष्ट_बोलतो | शनिवार, १३ सप्टेंबर, सकाळी ११.१०

राग मानू नका, पण औषधपाण्याचा खर्च चालू असताना २७५ डॉलर भिंतीवर टांगायचे? शिकारच करायची तर क्रॉसबो घ्या. ओढायला यंत्र असतं, बसल्या बसल्या घोडा दाबायचा.

---

लान्सिंगकर | शनिवार, १३ सप्टेंबर, दुपारी १.०५

क्रॉसबोचं आमच्या फोरमनचं मत इथे छापता येणार नाही. राग नाही.

फिजिओताई, पकडलंत. "थोडंसंच" हाच शब्द माझ्या डोक्यात होता.

---

सातपुडा_मास्तर | रविवार, १४ सप्टेंबर, रात्री ९.४०

सर, मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. तुमचं अमेरिकन धनुष्य मला कळत नाही, पण आमच्या शाळेसमोर एक आजोबा राहायचे, भिल्ल, त्यांचा कामठा आठवला. बांबूचाच कामठा आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिरलेल्या कामटीची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शिकार तर कायद्याने १९७२ पासूनच बंद. तरी दर पावसाळा संपला की आजोबा कामठा घेऊन ओट्यावर बसायचे, बोटांनी चाचपत जुनी कामटी काढायचे, नवी तासून घालायचे. अर्धा दिवस जायचा. मग परत काढून कामठा आढ्याला. मी नवीन होतो, विचारलं, "बाबा, मारायचं काय आता?" ते म्हणाले, "मास्तर, तू सुट्टीत शाळेचं कुलूप तपासत नाही का?"

मला तेव्हा ते उत्तर अर्धंच कळलं होतं, आजही पाऊणच कळलंय. तुम्हाला जास्त कळेल म्हणून लिहिलं.

---

जावावाली_लेक | सोमवार, १५ सप्टेंबर, सकाळी १०.१५

मी काकूंच्या बाजूने लिहिते. माझ्या वडिलांनी आजारपणात जुनी जावा मोटरसायकल घेतली. किडनीचा आजार, आठवड्यातून तीन डायलिसिस, आणि अंगणात जावा. एकदाही चालवली नाही. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून पुसायचे आणि मला स्पार्क प्लग काढायला लावायचे. ते गेल्यावर गाडी त्यांच्या नावावर. आरटीओत फॉर्म ३१, मृत्यू दाखला, वारसांची संमती, भावाची सही बंगलोरहून. चार महिने मी त्या गाडीला शिव्या घातल्या. लोक येऊन "बाबांची आठवण आहे ना, ठेवा की" म्हणायचे, त्यांना वेगळ्या शिव्या.

तर काका, घ्या. पण काकूंना खरं उत्तर द्या. एका कागदावर तीन ओळी: वस्तू काय आहे, खरी किंमत किती, आणि कोणाला द्यायची. "तुला वाटेल ते कर" असं लिहू नका. ते सगळ्यात वाईट. आमच्या बाबांनी तेच केलं.

प्लग मात्र आता मला झोपेतही काढता येतो.

---

लान्सिंगकर | रविवार, ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

सगळ्यांचे आभार. हा आठवडा बरा गेला, रक्तातले आकडे खाली आलेत, म्हणून काल क्लेअरला जाऊन आलो. गाडी हिनेच चालवली. १२७ नंबरच्या रस्त्याला मेपल लाल व्हायला लागलेत. १ तारखेला धनुष्याचा हंगाम उघडला, त्यामुळे वाटेत दर पेट्रोल पंपावर चट्ट्यापट्ट्यांच्या जाकिटातली माणसं कॉफी भरत होती. मीही उगाच उतरून एक कॉफी घेतली.

विकणारा तिशीतला, धनुष्य त्याच्या आजोबांचं. १९५३ चं सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला, मला वाईट वाटलं. नाणं पितळी, सपाट. बोळा फिरवला, धागा अडकला नाही. दोन भोकं निघाली साइटची, जुन्या मेणाने बुजवलेली. पेन्सिलने लिहिल्यासारखा वजनाचा आकडा मुठीजवळ होता, तो फोटोत ४५ वाटत होता, प्रत्यक्षात निघाला ५०. म्हणजे माझं म्हणता येईल असं ते अजिबातच नाही. माझ्याच्या वरच्या टोकाला झाडावरून पडल्याचा एक टवका होता. याला नाही. तो टवका मी शोधत होतो, हे अंगठा तिथे फिरवल्यावर कळलं.

२३० ला सौदा झाला.

दोरी चढवायचं काम घरी आल्यावर. चढवायचा पट्टा असतो, त्यावर पाय ठेवून मूठ वर उचलायची. मी खुर्चीत बसून सूचना देत होतो. हिने तीनदा शिव्या घातल्या, दोनदा मला आणि एकदा फ्रेड बेअरला. चौथ्यांदा दोरी खाचेत बसली. मग डोळा लावून बघितलं, दोरी बरोबर मधून गेलीय. मी धरलं. किलोभर वजन, म्हणजे हुकमाच्या आत. अंगठ्याने दोरीवर मेण घासलं. बधिर बोटं पायाची, हाताची अजून शाबूत आहेत. ओढलं नाही, फिजिओताई. दोन बोटं दोरीवर ठेवली होती, ती काढली.

कागद लिहिलाय. वस्तू, किंमत, कोणाला. "कोणाला"च्या पुढे मी मॅडिसनवाल्यांचं नाव घालणार होतो, कारण निदान दोरी डॅक्रॉनची घालतील. हिने कागद वाचला आणि ती ओळ खोडली. म्हणाली, थांबा जरा. मग धनुष्य घेऊन मागच्या अंगणात गेली, बाण न लावता दोरी हळूहळू ओढली. मी ओरडायलाच लागलो होतो की सोडू नको, सोडू नको. पाच इंचांवर हात थरथरला, तशी ती तितक्याच हळू परत आली. सोडली नाही. ६२ वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा.

"पन्नास फार होतंय," म्हणाली. "कमीचं मिळतं का?"

तर नवा प्रश्न. साडेपाच फुटांच्या आतल्या, उजव्या हाताच्या, पहिल्यांदाच शिकणाऱ्या बाईसाठी धनुष्य किती पौंडांचं घ्यावं?

---

मॅडिसन_मुक्काम | रविवार, ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५५

वीस. त्यावर नको. मूठ आणि पाती वेगळी होणारं ६२ इंची घ्या, पुढे नुसती पाती बदलून वजन वाढवता येतं. बाण काकूंच्या हाताच्या लांबीवर मोजून घ्या, तुमच्या नाही. आणि हातावर चामड्याची पट्टी पहिल्या दिवसापासून, नाहीतर कोपराच्या आत दोरी बसली की चौथी शिवी तुम्हालाच.