आरएनए-सीक पाइपलाइन टर्मिनलशिवाय द्यायची: गॅलेक्सी की शायनी?

पेशीवाचक: आरएनए-सीकची (कोणतं जनुक किती सक्रिय ते मोजण्याची) बॅश स्क्रिप्ट तयार आहे: फास्टपी (रीड्स, म्हणजे वाचलेले तुकडे, साफ करायला), हायसॅट२ (ते जीनोमवर बसवायला), फीचरकाउंट्स (जनुकागणिक मोजायला), डीसेक२ (दोन गटांतला फरक काढायला). वापरणार मात्र टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) कधी न उघडलेली एमएस्सीची मुलं. मानवी नमुने १२ (६ कंट्रोल, ६ ट्रीटेड), पेअर्ड-एंड (दर नमुन्याच्या दोन फायली). शायनी (आर भाषेतून वेब अ‍ॅप बनवायचं साधन) वापरून अ‍ॅप बांधावं का?

खिचडी_डेटा: नको. शायनीची अपलोड मर्यादा मुळात ५ एमबी. ती वाढवाल हो, पण जॉबची रांग, फसलेला जॉब पुन्हा सोडणं हे सगळं स्वतः लिहीत बसाल. गॅलेक्सीत (ब्राउझरमधून विश्लेषण चालवायचा मंच) ते आयतं मिळतं. शायनी हवीच तर काउंट टेबलच्या पुढच्या आलेखांना.

२ कंट्रोल, २ ट्रीटेड घेऊन गॅलेक्सीत हाताने एकदा शेवटपर्यंत चालवा, मग हिस्ट्रीच्या (केलेल्या पायऱ्यांची नोंद) मेनूतून ‘एक्स्ट्रॅक्ट वर्कफ्लो’, म्हणजे त्याच पायऱ्यांची पुन्हा वापरता येणारी साखळी. २४ फायली सुट्या मागू नका. इनपुटला दोन पेअर्ड कलेक्शन (फायलींच्या जोड्यांचे गठ्ठे) ठेवा, एक कंट्रोलचं, एक ट्रीटेडचं. डीसेक२ मध्ये ट्रीटेड ही पातळी आधी, कंट्रोल नंतर. उलट झालं तर लॉग फोल्ड चेंजचं (किती पट फरक, लॉगमध्ये) चिन्हच फिरतं, आणि एररही येत नाही!

उलटा_धागा: स्ट्रँड (रीड डीएनएच्या कोणत्या धाग्याचा, ते) मुलांना निवडायला देऊ नका. तो दोन ठिकाणी लागतो आणि दोन्हीकडे लिहिण्याची तऱ्हा वेगळी: रिव्हर्स लायब्ररीला (लायब्ररी म्हणजे सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) हायसॅट२ मध्ये आरएफ, फीचरकाउंट्समध्ये २. एकाच खोक्यातून दोन्ही जोडण्यापेक्षा लायब्ररीगणिक वेगळा वर्कफ्लो बरा. फीचरकाउंट्समध्ये २ च्या जागी १ पडला की बहुतेक रीड्स ‘नो फीचर्स’मध्ये जातात. शेवटी मल्टीक्यूसी (सगळ्या टूल्सचा एकत्र अहवाल) ठेवाच, तिथे ते लगेच दिसतं.

जीटीएफही (जनुकं जीनोममध्ये कुठे आहेत त्याची फाइल) वर्कफ्लोबरोबर ठरवूनच द्या. जीनोममध्ये ‘सीएचआर१’ आणि एनसीबीआयच्या जीटीएफमध्ये ‘एनसी_०००००१.११’ असेल, तर सगळे काउंट शून्य.

पेशीवाचक: वर्कफ्लो झाला. पण एकाला स्वतःच्या फायली कलेक्शनसकट इनपुटच्या यादीत दिसतच नाहीत.

खिचडी_डेटा: डेटाटाइप (फाइलचा प्रकार) नुसता ‘फास्टक्यू’ लागला असेल. पेन्सिलीवर क्लिक करून ‘फास्टक्यूसँगर.जीझेड’ करा. फाइल जीझिपने दाबलेली नसेल तर ‘.जीझेड’ लावू नका.

आणि जागा सांभाळा. युरोपच्या सार्वजनिक सर्व्हरवर नोंदणी केलेल्याला २५० जीबी मिळतात. ट्रिम केलेल्या फायली आणि बॅम (जीनोमवर बसवलेल्या रीड्सच्या फायली) मिळून ते भराभर खातात. वर्कफ्लोच्या एडिटरमध्ये ‘आउटपुट क्लीनअप’ (मधल्या फायली आपोआप डिलीट करणं) चालू करा. हाताने डिलीट केलेलं पर्ज (कायमचं पुसणं) होईपर्यंत कोट्यात धरलं जातं.